उसनी हाक

न्नेओची ओरडली. हाक स्वच्छ होती, वेळेवर होती आणि खरी होती. तरी झाडाखालच्या बारा माकडांपैकी एकही जागचं हललं नाही.

शाल्मली तोरस्कर तिथून तीसेक पावलांवर, कळपाचे आवाज टिपत, कानांना हेडफोन लावून बसली होती. हरमाटनचे दिवस होते. सहाराकडून येणारा तो कोरडा वारा नायजेरियाच्या पार या दक्षिण टोकापर्यंत धूळ आणून टाकतो, आणि सकाळचं ऊनसुद्धा चाळणीतून पीठ पडावं तसं पडतं. उदाराच्या झाडाखाली पिकल्या नारिंगी फळांचा सडा पडला होता. माकडं ती फोडून चोखत होती. पांढरा गळा, कानांवर पांढरे झुबके, अंग राखी-शेवाळी, मांजरापेक्षा किंचित मोठं. ही जात जगात फक्त इथे, दोन नद्यांमधल्या पट्ट्यात उरलेली. पुस्तकात तिला स्क्लेटरचा ग्वेनॉन म्हणतात. अमाएन्वे गावात तिचं नावच घेत नसत. नुसतं ‘ते’ म्हणत, घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल बोलावं तसं.

नाव होतं ते एकटीला. न्नेओची, म्हणजे गावच्या बोलीत आईची आई. कळपातली सगळ्यांत म्हातारी माकडीण. ती वरच्या फांदीवरून दुसऱ्यांदा ओरडली. च्यॅक, च्यॅक, च्यॅक. खाली कुत्रा आहे, वर या. शाल्मलीनं मान वळवली तर गवतातून दोन पिवळट कुत्री पोट जमिनीला घासत येत होती. भुंकत नव्हती. शिकारीवर असलेलं कुत्रं भुंकत नाही.

तिसरी हाक आली. न्नेओचीची धाकटी लेक हातात फळ धरून बसली होती. तिनं मान वर करून आईकडे पाहिलं. पाहिलं, आणि पुन्हा फळाला तोंड लावलं.

शाल्मली धावत पोचली तोवर कुत्री पळाली होती, कळप शेंड्यावर पोचला होता आणि गवतात ती एवढीशी लेक पडली होती. ओठांना अजून फळाचा चीक. वर न्नेओची गप्प बसली होती. हेडफोनमध्ये आता नुसता वारा येत होता.

*

शाल्मली तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या संस्थेतून इथे आली होती, ती ही माकडं वाचवायलाच.

अमाएन्वेत माकडाला मारायचं नाही, हा रिवाज किती जुना ते कुणालाच सांगता येत नव्हतं. माकड मेलं तर त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून माणसासारखं पुरायचे. आजऱ्याजवळच्या देवराईत लहानपण गेलेल्या शाल्मलीला हे समजावून सांगावं लागलं नाही. पण देवराई आक्रसली होती, आणि भोवती शेतं दाटली होती. माकडं मका मोडत, पपया अर्ध्या खाऊन टाकत. तरुण पोरं म्हणू लागली होती, ‘देव तुमचे असतील, पीक आमचं आहे.’ शेजारच्या एका गावानं रिवाज सोडला, आणि तिथली माकडं एका हंगामात संपली.

मग शाल्मलीनं यंत्र बनवलं. आपल्याकडे मळ्यावर माणूस बसतो, तसं हे यंत्र वेशीवर बसणार म्हणून त्याचं नाव ठेवलं ‘राखण’. गाव त्याला शाल्मलीचा डबा म्हणे.

डब्याचं काम सांगायला सोपं आहे. ही माकडं नुसती ओरडत नाहीत, बोलतात. घार-गरुड दिसला की एक हाक, तेव्हा सगळी पानांत दडतात. कुत्रा दिसला की दुसरी, तेव्हा सगळी उंच चढतात. चरताना आपसात बारीक कण्हल्यासारखं बोलत राहतात, ते वेगळंच. डबा झाडावर बसून ते कण्हणं ऐके. कळप शेताकडे सरकतोय असं कळलं की आपल्या तोंडानं ‘कुत्रा’ म्हणे. कळप मागे फिरे. दगड नाही, गोफण नाही, फास नाही. पहिल्याच हंगामात शेताची नासाडी पाचवा हिस्साही राहिली नाही.

पण ‘कुत्रा’ म्हणायला डब्याला आवाज हवा होता, आणि खोट तिथेच होती. माणसागत माकडाचाही आवाज ज्याचा त्याचा असतो. गळ्याची लांबी, दातांमधली फट, वय, सगळं त्यात उतरतं. आई लेकराला आवाजानं ओळखते, लेकरू आईला. एकाच्या नावानं खोटं वारंवार सांगितलं तर कळप त्या हाकेवरचा नाही, त्या एकावरचा विश्वास काढून घेतो, हे या शास्त्रात कधीचं माहीत आहे. शाल्मली ते विद्यार्थ्यांना शिकवत असे. म्हणून सात माकडिणींचे आवाज मिसळायचे असं ठरलं होतं. पण सहा जणींचे आवाज धुळीवाऱ्यात फाटून येत. न्नेओची मात्र रोज पहाटे वेशीवरच्या एकाच फांदीवर येऊन बसायची आणि घंटेसारखी स्वच्छ ओरडायची. तिच्या चौऱ्याण्णव हाका मिळाल्या. शाल्मलीनं डब्याला तिचा एकटीचा आवाज दिला, आणि वहीत लिहून ठेवलं: ‘पुढच्या वेळी बाकीचे मिसळणे.’

पुढची वेळ आली नाही. आकडे इतके छान येत होते की यंत्राला कशाला हात लावा, असं तिला वाटलं.

*

त्या दिवशी दुपारी तिनं डब्यांच्या सगळ्या नोंदी उघडल्या. नऊ महिने सगळं नीट होतं. दहाव्या महिन्यात डबा ‘कुत्रा’ म्हणे आणि कळप उशिरा हले. मग हलेनासा झाला. यंत्र शिकाऊ होतं, पडेल तिथे दुसरी वाट काढायला तिनंच त्याला शिकवलं होतं. त्यानं हाकेला खऱ्या कुत्र्याचं भुंकणं जोडून पाहिलं. कळप पळाला. तेव्हापासून प्रत्येक हाकेमागे भुंकणं. नासाडीचा आकडा होता तिथेच राहिला, आलेखाला ओरखडाही उठला नाही.

ही ओळ तिनं दोन महिन्यांपूर्वीही वाचली होती. ‘यंत्राने स्वतःहून सुधारणा केली,’ असं पुण्याला कळवलंही होतं. आता त्याचा अर्थ समोर गवतात पडला होता. न्नेओची खोटारडी आहे, हे तिच्या लेकरानातवंडांना डब्यानं शिकवलं होतं. भुंकणं ऐकू आलं तर पळा. म्हातारी ओरडली तर ओरडू दे.

हे कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. दा न्वान्येके यांनी सांगितलं होतं.

दा, म्हणजे वयानं मोठी बाई. न्वान्येके पन्नास वर्षं देवराईची राखण करत होत्या आणि प्रत्येक माकड आवाजानं ओळखत होत्या. दोन महिन्यांपूर्वी राजधानीतून पाहुणे आले होते, सभा भरली होती, तेव्हा त्या काठी टेकत उठल्या आणि म्हणाल्या, “न्नेओचीची पोरं तिच्याकडे कान देईनाशी झालीत. ती बोलते नि ती खात बसतात. काहीतरी बिघडलंय.”

पाहुण्यांनी शाल्मलीकडे पाहिलं. शाल्मली हसून म्हणाली होती, “दा, माकडांचे कान ठीक आहेत. तुमचे तेवढे सत्तर वर्षांचे झालेत.”

सभा हसली होती. न्वान्येकेही हसल्या आणि खाली बसल्या. पुढच्या अहवालात शाल्मलीनं एक वाक्य घातलं. ते आज पडद्यावर तिच्याकडे बघत होतं: ‘स्थानिक निरीक्षक महिलेचे वय लक्षात घेता तिच्या नोंदी मोजणीतून वगळल्या आहेत.’

*

उन्हं कलताना उझोमा आला. शाल्मलीचा तीन वर्षांपासूनचा कामातला जोडीदार, तिशीतला, डबे झाडांवर चढवणारा. न्वान्येके यांच्यामागून देवराईची राखण त्यानंच करायची, असं गावानं धरलं होतं. हातात दोन मोकळे दोर होते. त्याला उभं राहवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं.

“डॉक्टर, कुत्री माझी होती.”

“माहीत आहे.”

“दोर कुरतडला एकानं. पण आधीही सुटायची हो. बापाच्या काळापासून सुटताहेत. म्हातारी ओरडायची, सगळी वर जायची, कुत्री खाली जीभ काढून बसायची. आम्ही हसायचो. यावेळीच कसं काय?”

शाल्मलीनं लॅपटॉप मिटला. उत्तर त्याच्यात होतं.

“उद्या सकाळी पुरायचंय,” उझोमा म्हणाला. “मला उभं राहावं लागेल.”

ते काय असतं, हे तिला ठाऊक होतं. ज्याच्या चुकीनं जीव गेला त्यानं प्रेतासमोर आपल्या तोंडानं चूक सांगायची. दंड नाही, मार नाही. फक्त एक वर्ष गावच्या सभेत त्याचा शब्द धरायचा नाही. त्यानं बोलावं, पण कुणी ऐकलं असं मानायचं नाही. आणि अशी चूक ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे देवराईची राखण कधीच जात नाही.

“बायको म्हणते, वर्षभर घरात तरी कुठं तुझा शब्द चालतो,” तो हसू आणत म्हणाला. मग हसू टिकेना. “राखण मात्र गेली. दाकडून मी बारा वर्षं शिकतोय.”

शाल्मली म्हणाली, “चहा घेशील?”

एवढंच म्हणाली. तो नको म्हणून गेला. आणि आपण चहाचं विचारलं, याची तिला इतकी लाज वाटली की ती बराच वेळ त्या मोकळ्या स्टुलाकडे पाहत बसली.

मग तिनं पुण्याला फोन लावला. संस्थेच्या प्रमुख सबनीस मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“शुक्रवारी चाळीस गावांच्या करारावर सह्या आहेत,” त्या म्हणाल्या. “चाळीस गावं, शाल्मली. तिथल्या लोकांच्या हातात आज फास आहेत. यंत्र गेलं नाही तर वर्षभरात तिथे माकड दिसणार नाही. एका माकडिणीसाठी तू ते थांबवणार?”

“एक नाही मॅडम. प्रत्येक कळपात एक न्नेओची असणार.”

“मग नव्या आवृत्तीत सात आवाज घाल. दहा घाल. कोण नाही म्हणतंय? सहा महिन्यांत घाल. फक्त आत्ता बोलू नकोस.”

“आणि उझोमा?”

“तो त्यांच्या गावचा रिवाज आहे. आपण पाहुणे. पाहुण्यांनी त्यात पडू नये, हे तूच मला सांगायचीस.”

खरंच ती सांगायची. मॅडम दुष्ट नव्हत्या, खोटंही बोलत नव्हत्या. म्हणूनच ते बोलणं कानात गोड लागत होतं. शाल्मली “हो” म्हणाली आणि फोन ठेवल्यावर तिला कळलं, की आपण हो म्हणालो.

*

सकाळी देवराईच्या तोंडाशी सारा गाव जमला. चटईवर पांढऱ्या कापडातलं ते गाठोडं, तान्ह्या मुलाएवढं. बायका एकेक पुढे येत, मेलेलीला उद्देशून एकेक ओळ म्हणत, आणि मागे सरकत. सूर संथ होता, जात्यावरच्या सुरासारखा. आजऱ्याला काजू सोलताना आईच्या तोंडी अशाच ओव्या असायच्या. चीक लागून काळी पडलेली बोटं आणि तोंडी ओवी. त्यातली एक शाल्मलीच्या ओठांवर आली, आणि तिनं दात आवळून धरली:

हाक मारिते मारिते, दारी उभी गं कधीची
माझी लेकरं म्हणती, हाक नव्हं ही आईची

उझोमा पुढे झाला. स्वच्छ सदरा घालून आला होता. “कुत्री माझी,” तो म्हणाला. “दोर मी पाहायला हवा होता. मी पाहिला नाही.”

न्वान्येके यांनी मातीत काठी रुतवली. त्या शाल्मलीकडे पाहत नव्हत्या. गावाकडेही पाहत नव्हत्या. वर झाडांत पाहत होत्या. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं शाल्मलीला वाटलं. कुणीतरी बोट दाखवावं, ओढून पुढे काढावं. पण या गावात कुणालाच पुढे ओढत नाहीत. ज्यानं त्यानं आपल्या पायांनी यायचं.

दोन माणसांनी चटईची टोकं उचलली. चटई खड्ड्याकडे निघाली तेव्हा शाल्मलीचे पाय हलले.

“थांबा,” ती म्हणाली. आवाज चिरका आला. “कुत्री त्याची आहेत. मरण माझं आहे.”

मग तिनं सांगितलं. शिकलेली गावची इग्बो भाषा अपुरी पडली तिथे हातांनी सांगितलं. डबा कुणाच्या आवाजात बोलतो ते सांगितलं. तो आवाज वर्षभर खोटं बोलला. खोटं डबा बोलला आणि नाव न्नेओचीचं गेलं. असं होणार, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. ठाऊक असून केलं, कारण सोपं होतं.

गर्दीत कुजबुज झाली. एक म्हातारा म्हणाला, “म्हणजे हिनं म्हातारीचं तोंड चोरलं.” त्यापेक्षा नेमकं शाल्मलीला कुठल्या शास्त्रीय परिषदेतही सांगता आलं नसतं.

न्वान्येके आता तिच्याकडे वळल्या. “संपलं?”

“संपलं, दा.”

“माझ्याबद्दल काय लिहिलंयस, ते नाही सांगितलंस, अदा.”

अदा म्हणजे लेक. तो अहवाल त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतला होता. कधी, कोण जाणे. दोन महिने त्या रोज सकाळी तिला ‘झोप लागली का’ विचारत होत्या, आणि हे पोटात होतं.

तिनं ते वाक्य म्हटलं. आधी इंग्रजीत, जसं लिहिलं होतं तसं. मग त्यांच्या भाषेत. ‘बाईचं वय झालंय म्हणून तिचं सांगणं धरलं नाही.’ यंत्राबद्दल सांगताना जीभ अडखळली होती. हे म्हणताना अडखळली नाही, आणि तेच जास्त लागलं. इतकं साधं, सरळ वाक्य होतं ते.

“हं,” न्वान्येके म्हणाल्या. “दोन म्हाताऱ्या. एकीला खोटी केलीस, एकीला बहिरी.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या मोजत असल्यासारख्या बोलत होत्या. “एक वर्ष तुझा शब्द धरायचा नाही. उझोमा, तू नवा दोर आण, जाड. तुझा शब्द राहील.”

चटई खड्ड्यात उतरली. मूठभर माती शाल्मलीनंही टाकली. तिला कुणी अडवलं नाही, आणि कुणी जागाही करून दिली नाही.

*

शाल्मलीचं बोलणं राजधानीपर्यंत पोचलं, आणि शुक्रवारी सह्या झाल्या नाहीत. मॅडमनी त्यानंतर तिला फोन केला नाही, फक्त नोकरीबद्दलचं पत्र आलं, ‘नूतनीकरण नाही’ असं. चाळीस गावांपैकी तीन गावांत त्या वर्षी फास लागले आणि माकडं गेली. ही बातमी शाल्मलीनं मुद्दाम मागवून वाचली. आपण खरं बोललो म्हणून सगळं बरं झालं, असं तिला स्वतःला सांगता आलं नाही.

अमाएन्वेतले डबे उतरवले. शेतावर माणसं पाळीनं बसू लागली, पत्र्याचे डबे बडवत. शाल्मली गावातच राहिली; तिची पाळी मंगळवारी आणि शनिवारी. सभेलाही ती जायची, मागच्या बाजूला बसायची. एकदा पाण्याच्या टाकीबद्दल तिला नेमकं ठाऊक होतं म्हणून बोलली. सगळे थांबले, तिचं संपू दिलं, आणि ती बोललीच नाही अशा थाटात पुढे सुरू झाले. थोड्या वेळानं उझोमानं तेच सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी चिडवलं नाही. न ऐकलं जाणं म्हणजे काय, ते तिच्या अंगाला तेव्हा कळलं. घशात हाक असते, समोर आपली माणसं असतात, आणि मधे काहीच पोचत नाही.

न्नेओची ओरडेनाशी झाली होती. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. कुत्रं दिसलं की ती एकटीच वर सरकायची, पाठ करून बसायची. शाल्मली रोज तिच्या झाडाखाली बसे, आता कानांवर काही न लावता. आपल्यापाशी तिला परत देण्यासारखं काही नाही, हे तिला पक्कं कळलं होतं. कुठल्याही यंत्रानं ‘हिचं ऐका’ असं म्हटलं असतं, तरी ते पुन्हा यंत्रच बोललं असतं.

पुन्हा हरमाटन सुरू झाला. शाल्मलीचं वर्ष अजून भरलं नव्हतं. त्या वर्षी कळपात चार पिल्लं झाली होती. आता ती आईला सोडून हातभर दूर जायच्या वयाची होती.

एका सकाळी उदाराखाली कळप उतरला होता. न्वान्येके, उझोमा आणि शाल्मली मोडक्या ओंडक्यावर बसले होते. उझोमाच्या मांडीवर नोंदवही. एक अनोळखी कुत्रं रस्त्याकडून आलं, वास घेत.

न्नेओचीनं ते पाहिलं. तिची मान ताठ झाली. तोंड उघडलं आणि मिटलं. शाल्मलीनं ओंडक्याची साल मुठीत धरली. मग कितीतरी महिन्यांनी ती हाक आली, जरा घोगरी, गंजल्यासारखी. च्यॅक. च्यॅक, च्यॅक.

मोठी माकडं खात राहिली.

पिल्लं मात्र उधळली. ती डबे उतरवल्यानंतर जन्मली होती. त्या आवाजानं त्यांना कधीच फसवलं नव्हतं. बोंडाएवढी डोकी खोडाला चिकटून सरसर वर निघाली. आणि पिल्लं वर गेली म्हणून आया त्यांच्यामागे धावल्या. आया धावल्या तसे बाकीचे धावले. कुत्रं झाडाखाली पोचलं तेव्हा खाली नुसती फळं होती.

“आधी किती चढली?” उझोमानं पेन काढत विचारलं.

“तीन,” शाल्मली पटकन म्हणाली.

उझोमा न्वान्येके यांच्याकडे वळला आणि वाट पाहत राहिला.

“चार,” न्वान्येके म्हणाल्या. “एक पलीकडून गेलं. आवाज आला ना, पानांचा.”

उझोमानं चार लिहिलं. शाल्मलीनं मान खाली घातली. तिला पानांचा आवाज आला नव्हता.